आल्प्सची जुनी जलरंगचित्रं पाहताना या चुका टाळा

आकाश गुलाबीसर, कडे तांबूस आणि चित्राखाली साल १७७६. पाहणारा लगेच म्हणतो, 'काय संध्याकाळ टिपलीय!' पुष्कळदा ती संध्याकाळ नसतेच. अठराव्या शतकातले ब्रिटिश चित्रकार आकाशाला आणि सावल्यांना सर्रास नीळ वापरत, आणि नीळ उजेडाने उडते. करडी छटा नीळ नि तांबूस रंग मिसळून केलेली असली, तर शेवटी तांबूस तेवढा मागे राहतो. चित्राची माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) झाकलेली कड बघायला मिळाली तर जरूर बघा, मूळ निळाई तिथे सापडते. अशा चित्राची नक्कल करताना तुमचं आकाश भलतंच गुलाबी होत असेल, तर तुम्ही चित्र नव्हे, त्याचं विटणं उतरवताय.

बर्फ खडूसारखं दिसतंय? पांढरा रंग बाजूला ठेवा. या मंडळींचं बर्फ म्हणजे बहुतेक वेळा कोरा सोडलेला कागद. जलरंगातला जस्ताचा भरवशाचा पांढरा बाजारात आला तोच १८३४ मध्ये.

इंग्लिश चित्रकार फ्रान्सिस टाउनचं 'आर्व्हेरॉनचा उगम' (१७८१), म्हणजे हिमनदीतून निघणाऱ्या नदीचं चित्र, बघून 'हे अर्धवट राहिलंय' म्हणू नका. पेनाची रेघ आणि सपाट वॉश (रंगाचा पातळ, सलग थर), एवढ्यावरच तो डोंगर उभे करतो. मला तर तो या सगळ्यांत आजच्या डोळ्याला सर्वांत जवळचा वाटतो. हिमनदी त्याने फुगवून काढली, असंही वाटून घेऊ नका. तेव्हा तिचं टोक खरंच शामोनीच्या खोऱ्यापर्यंत उतरलेलं होतं. आजचा फोटो शेजारी ठेवून त्याला खोटं पाडता येत नाही.

सर्वांत मोठा घोळ इंग्लिश चित्रकार टर्नरच्या नावाचा. टर्नर आल्प्सला पहिल्यांदा गेला १८०२ मध्ये. मग त्याआधीची त्याची आल्प्सची चित्रं आली कुठून? लंडनला डॉ. मन्रो यांच्या घरी संध्याकाळी सहा ते दहा बसून तो आणि चित्रकार टॉमस गर्टिन हे दोघे जॉन रॉबर्ट कझन्स या चित्रकाराच्या चित्रांच्या नकला करत. गर्टिन रेषा काढी, टर्नर वर वॉश चढवी. टर्नरला रात्रीचे साडेतीन शिलिंग मिळत. कझन्स मात्र १७७६ आणि १७८२ मध्ये स्वतः आल्प्समधून गेलेला. १७९४ मध्ये त्याचं मानसिक संतुलन ढळलं, आणि त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर हेच मन्रो. म्हणून १७९०च्या दशकातलं 'टर्नरचं आल्प्स' समोर आलं, तर आधी कझन्सची स्केचं चाळा. तोच कडा तिथे बहुधा भेटतो.