वॉर्डात ठाण मांडलेल्या जंतूचा माग कसा काढायचा

आयसीयूत पुन्हा क्लेबसिएला हा जंतू निघाला की फोन येतोच, "मॅडम, हा मागच्या महिन्यातलाच काय?" अँटिबायोग्राम, म्हणजे कोणतं औषध जंतूवर चालतं याचा तक्ता, बघून याचं उत्तर देऊ नका. आमच्या रिपोर्टात वरपासून खालपर्यंत आर, आर, आर, म्हणजे औषध चालत नाही. त्यात सगळेच जंतू भाऊ-भाऊ दिसतात. खरं नातं कळतं ते जीनोम सिक्वेन्सिंगनं, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए अक्षर-अक्षर वाचून.

बेळगावात मायक्रोबायोलॉजीची लॅब सांभाळते. हे लिहिते ते निपाणी, चिकोडी, खानापूरकडच्या लॅबवाल्यांसाठी. सिक्वेन्सर तुमच्याकडे नसणार, नसला तरी चालतंय की. मशीन दुसऱ्या गावात असू दे. जंतू जपणं आणि वही लिहिणं मात्र तुम्हालाच करावं लागतं, आणि निम्मी कामं तिथंच फसतात.

पहिलं म्हणजे प्लेट लगेच ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका. कार्बापेनेम या राखीव अँटिबायोटिकांना न जुमानणारा प्रत्येक क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टर, स्यूडोमोनास, शिवाय एमआरएसए (मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफ), सबकल्चर करून, म्हणजे नव्या प्लेटवर पुन्हा वाढवून, शुद्ध करा आणि 20 टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे 80 वर ठेवा. दोन वायल, दोन वेगळ्या फ्रीजरांत. पावसाळ्यात आपल्याकडे करंट कधी जाईल सांगता येत नाही. वायलवर साध्या स्केचपेननं लिहू नका, स्पिरिटचा हात लागला की नंबर गेलाच. एकाच पेशंटला संसर्ग आठवडेच्या आठवडे सोडत नसेल, तर एकाच कॉलनीवर भागवू नका. अंगात जंतूच्या दोन-तीन शाखा एकदम नांदत असतात, म्हणून चार-पाच कॉलन्या वेगवेगळ्या ठेवा. सुरुवातीचा जंतूही हवा. तो नसेल तर जुनाच उलटलाय की वॉर्डातून नवा लागलाय, हे कोणालाच सांगता येणार नाही.

आता वही. चंदगडचा पेशंट आधी गडहिंग्लजला, मग बेळगावात, तिथून मिरजेला आणि परत इकडे, असं नेहमीचंच आहे. चिठ्ठी कधी कन्नडात, कधी मराठीत. एका वहीत रामाप्पा, दुसरीत रामू. नावावर जाऊ नका. आयपी (भरतीचा) नंबर, वय आणि गाव तिन्ही जुळवा. आधीच्या दवाखान्यातल्या तारखा नातेवाइकांना विचारा. आपल्याकडे कोणत्या बेडवर कधीपासून कधीपर्यंत होता, कोणता व्हेंटिलेटर, कोणता ब्रॉन्कोस्कोप, डायलिसिसचं कोणतं मशीन, हे सगळं हवं. सिस्टर बेडची अदलाबदल पांढऱ्या बोर्डावर लिहितात आणि ड्यूटी बदलताना पुसतात. पुसायच्या आधी वहीत उतरवून घ्यायचं काम एका माणसाला नेमून द्या.

डीएनए काढणं त्या मानानं सोपं: एका कॉलनीपासून रात्रभर वाढवलेलं कल्चर, किट, आणि क्युबिट या यंत्रावर डीएनएची मोजणी. जिवंत जंतू पाठवायचा तर तीन थरांचं पॅकिंग लागतं. डीएनए पाठवणं कमी कटकटीचं. रिपोर्ट आला की आधी जीनोमची लांबी बघा. क्लेबसिएलाची साधारण 55 लाख अक्षरं भरतात. 90 लाख आली तर नळीत दोन जंतू होते, पुढचं काही वाचू नका.

मग एसटी, म्हणजे जंतूचं घराणं. घराणं वेगळं असेल तर हा जंतू त्याच्याकडून आला नाही. सारखं असलं म्हणून मात्र काही सिद्ध होत नाही. एसटी 147 आणि 231 भारतात कितीतरी ठिकाणी सापडतात. तेव्हा एसएनपी मोजायचे, म्हणजे एकेका अक्षराचे फरक. क्लेबसिएलात वीसेकच्या आत असतील तर अलीकडच्या काळातला संबंध धरतात. हा आकडा कायदा नव्हे. तुलना कोणत्या रेफरन्स (आधाराला धरलेल्या) जीनोमशी केली आणि कोणते भाग गाळले, हे लॅबला विचाराच.

घराणी वेगळी निघाली तरी फाईल लगेच बंद करू नका. प्रतिकाराचं जीन प्लास्मिडवर (डीएनएच्या सुट्या कड्यावर) बसून एका जातीतून दुसरीत जातं. 2008 मध्ये दिल्लीच्या दवाखान्यातून स्वीडनला गेलेल्या पेशंटच्या क्लेबसिएलात एनडीएम-1 हे कार्बापेनेम निकामी करणारं जीन मिळालं, आणि त्याच्याच ई. कोलायमध्येही. प्लास्मिडचा संशय असेल तर शॉर्ट रीडवर, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या वाचनावर, थांबू नका, नॅनोपोरसारखं लाँग रीड, म्हणजे लांब तुकड्यांचं वाचन, मागा.

एसएनपी नातं सांगतात. जंतू कोणत्या वाटेनं आला ते वहीवरूनच लावायचं. अमेरिकेत एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेच्या दवाखान्यात 2011 मध्ये क्लेबसिएलाचा पहिला पेशंट घरी गेला आणि तीन आठवड्यांनी दुसरा सापडला. मधे कोणी नाही, म्हणून संबंध नाही असंच वाटलं असतं. सिक्वेन्सिंगनं तो जोडला. कल्चर ज्या क्रमानं पॉझिटिव्ह आले त्या क्रमानं लागण झालीच नव्हती. मधले पेशंट लक्षणं नसताना जंतू बाळगून होते. साफ केलेल्या व्हेंटिलेटरवर आणि सिंकच्या ड्रेनमध्येही तो मिळाला. एकूण 18 जणांना लागण झाली, 11 दगावले, त्यांतले 6 याच जंतूमुळे. म्हणून शेजारच्या बेडवाल्यांचे रेक्टल (गुदद्वाराचे) स्वॅब घ्या, आणि सिंकचा स्वॅब वरून पुसून नको, जाळी काढून खालच्या चिकट थरातून घ्या.

बाहेर पाठवलेला रिपोर्ट यायला आठवडे लागतात. तोवर आयसोलेशन, हात धुणं आणि उपकरणं वेगळी ठेवणं सुरूच हवं. माग एखाद्या स्टाफपर्यंत गेला, तर नाव मीटिंगमध्ये घेऊ नका. 2011 मध्ये केंब्रिजच्या बाळांच्या वॉर्डात एमआरएसए असा एका कर्मचाऱ्याकडे सापडला, नाकात किंवा कातडीवर असा जंतू नकळत राहतो. आपल्याकडे बोट पहिलं मावशींकडे जातं. स्वॅब घ्यायचे तर सर्जनपासून मावशींपर्यंत सगळ्यांचे, एकाच दिवशी, नंबर घालून.