आफ्रिकेतला शेंडीवाला माशीमार बघायचाय? आधी बोंडल्यात डोळे तयार करा

पूर्व आफ्रिकेच्या डोंगरी रानात पांढऱ्या शेपटीचा शेंडीवाला माशीमार असतो, जेमतेम १३ सेंमीचा, अंगाने राखाडी, डोकं काळपट, आणि शेपटीच्या कडा पांढऱ्या, त्या पण शेपूट पसरली तरच नीट दिसतात. झिंबाब्वेत मुतारे शहराजवळच्या व्हुम्बा डोंगरात जाणारे बरेच जण याच्यासाठी जातात. पण एवढा खर्च करून जायचं नि तिथे जाऊन दुर्बीण फिरवायला शिकायचं, हे काही खरं नाही. प्रॅक्टिस गोव्यातच करा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर, बोंडला नाहीतर मोले, दोन्ही गोव्यातली अभयारण्यं. ८x४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण भरपूर झाली, त्याहून जास्त पॉवरची घेतली तर दाट झाडीत हात हलतो आणि पक्षी सापडेपर्यंत तो उडून गेलेला असतो.

रस्ता सोडून आत घुसू नका. एका जागी उभे रहा आणि पल्लवपुच्छ कोतवालाची शीळ ऐकू येते का बघा, कारण तो बऱ्याचदा मिश्र थव्याबरोबर असतो, किडे खाणारे पाच-सहा जातींचे पक्षी एकत्र फिरतात आणि काही मिनिटांत पुढे सरकतात. मधेच दहा मिनिटं काहीच नसतं, कंटाळू नका. थवा आला की रंग शोधायच्या भानगडीत पडू नका, हालचाल बघा. थव्यात आपल्याकडचा नाचण नावाचा पक्षी असतो, तो पंख खाली सोडून शेपटीचा पंखा करतो, फांदीवर इकडून तिकडे वळतो, किडा उडाला की झेप घेतो. आफ्रिकेतल्या त्या शेंडीवाल्या माशीमाराची सवय साधारण अशीच, तोही मिश्र थव्यात फिरतो.

पण नाचण त्याचा नातेवाईक नाही हां. खरा नातेवाईक म्हणजे राखाडी डोक्याचा, पिवळ्या पोटाचा छोटा माशीमार, तो थंडीत नशीब असेल तर आपल्याकडे दिसतो. दोघं एकाच कुळातले, दिसायला मात्र काहीच साम्य नाही, मला तर हेच भारी वाटतं.

मोबाईलवर कॉल वाजवून पक्षी बोलवू नका, विशेषतः विणीच्या दिवसांत. आणि व्हुम्बाला जाताना रेनकोट नि काच पुसायचं कापड घ्याच, तिथे धुकं फार, लेन्सवर सारखी वाफ धरते.