कृषी प्रदर्शनात संत्र्याचे ताट कसे मांडावे आणि कसे तपासावे

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या पट्ट्यातला बागायतदार आपला संत्रा नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात नेतो, तेव्हा तो टनाच्या भावाने जातो. ढिगात चार फळे डागाळलेली निघाली तरी सौदा मोडत नाही, आणि बारीक फळ ‘चुरी’ म्हणून वेगळे काढले तरी त्याचेही काही ना काही पैसे होतातच. प्रदर्शनातल्या ताटात मात्र मोजकी पाच फळे असतात, आणि त्यांतले सर्वांत उणे फळ साऱ्या ताटाचा निकाल लावते. हे लक्षात न घेता बहुतेक नवे स्पर्धक बागेतली सर्वांत मोठी पाच फळे तोडून आणतात आणि बक्षीस का हुकले याचा विचार करीत घरी जातात. मी आधी स्पर्धक म्हणून आणि पुढे परीक्षक म्हणून या टेबलाच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलो आहे. त्या अनुभवातून सुचलेली ही पद्धत आहे. वर्गांची नावे आणि फळांची संख्या आयोजकांनुसार बदलते, त्यामुळे जिथे खालील मजकूर आणि आपल्या हातातले नियमपत्रक यांत फरक दिसेल, तिथे नियमपत्रकच प्रमाण मानावे.

आधी नियमपत्रक

प्रवेशिका भरण्यापूर्वी नियमपत्रक दोनदा वाचावे आणि तीन गोष्टींखाली पेन्सिलीने रेघ ओढावी: वर्ग कोणता, फळे किती, आणि माल टेबलावर किती वाजेपर्यंत लागला पाहिजे. मी पहिल्यांदा ताट मांडले तेव्हा पाच फळांच्या वर्गात सहा ठेवली होती. एखादे खराब निघाले तर कमी पडू नये, एवढाच माझा हिशेब. परीक्षकांनी फळांना हातही न लावता चिठ्ठीवर ‘बाद’ लिहिले. त्या वेळी राग आला होता. आता त्याच टेबलावर मी स्वतः तसेच लिहितो, कारण एकाला सहा चालू दिली तर मोजून पाचच निवडण्याचे कष्ट घेतलेल्या इतरांवर अन्याय होतो.

वर्गाची गफलत हे बाद होण्याचे दुसरे मोठे कारण आहे. ‘नागपुरी संत्रा’ या वर्गात किन्नू हा पंजाबकडचा संकरित वाण चालत नाही, मग तो कितीही देखणा असो. 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या आपल्या संत्र्याची ओळखच मुळी सैल, सहज सोलल्या जाणाऱ्या सालीत आहे. किन्नूची साल गराला घट्ट चिकटलेली असते आणि बियाही पुष्कळ असतात. मोसंबीचा वर्ग निराळा असतो. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या ‘नागपूर सीडलेस’सारखा बिनबियांचा वाण असेल, तर तो कोणत्या वर्गात धरणार हे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावे.

बहाराचाही, म्हणजे झाड कोणत्या हंगामात फुलले याचाही, विचार करावा लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या अंबिया बहाराचे फळ साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणीला येते, तर पावसाळ्याच्या तोंडाशी फुलणाऱ्या मृगाचे फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये. डिसेंबरच्या प्रदर्शनात मृगाचे फळ आणणे म्हणजे कच्चा माल आणणे होय. संत्रे झाडावरून उतरल्यानंतर आंब्यासारखे पिकत नाही आणि त्याची गोडी वाढत नाही, त्यामुळे चार दिवस पेंढ्यात ठेवूनही उपयोग होत नाही.

तोडणी आणि निवड

पाच फळांसाठी किमान पंचवीस फळे तोडावीत. हे प्रमाण उधळेपणाचे वाटेल, पण सारखेपणा घरात टेबलावर फळे शेजारी-शेजारी ठेवल्यावरच कळतो. झाडावर प्रत्येक फळ चांगलेच दिसते. फळे शक्यतो एकाच झाडाची, आणि तीही झाडाच्या एकाच बाजूची घ्यावीत, कारण दक्षिणेकडची उन्हात राहिलेली साल आणि आतल्या सावलीतली साल यांच्या रंगात फरक पडतोच.

तोडणी सकाळी, पण दव पूर्ण सुकल्यावर करावी. दवाने भिजलेली साल ताठ फुगलेली असते. अशा वेळी बोटाचा थोडा दाब पडला तरी सालीतल्या तेलाच्या ग्रंथी फुटतात, ते तेल आजूबाजूची साल जाळते आणि तिथे दोन दिवसांनी तपकिरी डाग उमटतो. तोडताना काही दिसत नाही. डाग नेमका परीक्षणाच्या सकाळी दिसतो. फळ ओढून तोडू नये, ओढल्यास देठाजवळची साल फाटून निघते. कात्रीने आधी देठ थोडा लांब ठेवून कापावे आणि मग हातात घेऊन सालीलगत दुसरा काप द्यावा, म्हणजे हिरवी टोपी जागेवर राहते आणि देठाचे टोक शेजारच्या फळाला टोचत नाही.

आता निवड. प्रथम दोषाची फळे काढावीत: कोळशीचा काळा थर बसलेली, कोळ्याच्या उपद्रवाने लाल्या पडलेली, रस शोषणाऱ्या पतंगाने भोक पाडलेली, फांदीला घासून खरवड उठलेली. पतंगाचे भोक टाचणीच्या टोकाएवढे असते, म्हणून फळ खिडकीजवळ धरून सावकाश फिरवावे आणि शंका आली तर भोवतालची साल हलकेच दाबावी. ती जागा मऊ लागली की फळ आतून सडू लागले आहे असे समजावे. त्यानंतर पोचट फळे काढावीत. झाडावर जास्त दिवस राहिलेल्या संत्र्याची साल गरापासून सुटून फुगते. असे फळ दिसायला मोठे, पण तळहातावर हलके लागते. सैल साल हा नागपुरी संत्र्याचा गुण आहे आणि पोचटपणा हा दोष, आणि या दोहोंतली सीमा तळहाताला जितकी कळते तितकी डोळ्यांना कळत नाही.

उरलेल्यांतून आकार जुळवायला घरातली काचेची बांगडी हे सर्वांत चांगले माप आहे. दोन-आठ मापाच्या बांगडीचा आतला व्यास सुमारे साडेत्रेसष्ट मिलिमीटर आणि दोन-दहाच्या बांगडीचा सुमारे साडेसहासष्ट. जे फळ मोठ्या बांगडीतून जाते आणि लहान बांगडीत अडते, तेवढेच बाजूला ठेवावे. फार तर तीन मिलिमीटरांचा फरक राहतो, आणि तो टेबलावर नजरेत भरत नाही. मग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर एकेक फळ ठेवून पाहावे. पाचही फळे दहा ग्रॅमच्या फरकात आली की ताट जमले. आकार जुळूनही एखादे फळ वीस ग्रॅमने हलके भरले, तर ते पोचट किंवा आतून सुकलेले असणार.

रंगाबद्दल थोडे. संत्र्याचा केशरी रंग थंड रात्रींमुळे चढतो. ऑक्टोबरमध्ये आतून गोड झालेल्या अंबियाच्या फळाच्या गालावरही हिरवट छटा राहते. त्यामुळे ताटात एक केशरी आणि चार हिरवट घेण्यापेक्षा पाचही सारखी हिरवट-पिवळी घ्यावीत. फळाला खोबरेल तेल किंवा मेण चोळून चमक आणू नये. बहुतेक नियमपत्रकांत त्याला मनाई असते, आणि नसली तरी ओल्या पांढऱ्या रुमालाचा एक हात फिरवला की ते उघड होते. धूळ मात्र ओलसर मऊ कापडाने पुसावी.

नेणे आणि मांडणे

प्रत्येक फळ वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून एकाच थरात ठेवावे. प्रदर्शन डिसेंबरात असेल तर वेळेचे गणित सैल ठेवावे, कारण हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत शहरातला कोणता रस्ता मोर्च्यासाठी बंद होईल हे काटोल नाक्यावर उभे राहून सांगता येत नाही, आणि नोंदणीची वेळ टळल्यावर ही सबब कोणी ऐकून घेत नाही. ताटात चार फळे चौकोनात ठेवून पाचवे त्यांच्या मध्ये वर ठेवावे, सर्वांचे देठ एकाच दिशेला असावेत. पाने, झिरमिळ्या, रंगीत कागद यांना गुण नसतात. चिठ्ठीवरचे नाव दुमडून आत जाईल आणि केवळ अनुक्रमांक वर दिसेल याची खात्री स्वतः करावी. नाव उघडे राहिलेले ताट काही ठिकाणी सरळ बाद करतात, आणि ते योग्यच आहे.

परीक्षकाचे काम

परीक्षकाने टेबलाजवळ जाण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. आपल्या नात्यातला, गावकीतला किंवा व्यवहारातला कोणी स्पर्धक या वर्गात असेल, तर तसे संयोजकांना सांगून त्या वर्गापुरते बाजूला व्हावे. आणि स्पर्धकांना परीक्षण संपेपर्यंत मंडपाबाहेर ठेवण्याचा आग्रह धरावा; ‘जरा पाहतो नुसते’ असे म्हणणारे काका ताटाच्या शेजारी उभे राहिले की, चिठ्ठी दुमडलेली असण्याला काहीच अर्थ उरत नाही.

पहिल्या फेरीत हात न लावता केवळ नियम पाहावेत: संख्या, वर्ग, वाण, वेळ. बाद ठरवलेल्या ताटावर कारण एका ओळीत लिहावे. दुसऱ्या फेरीत गुण द्यावेत. मी शंभरपैकी सारखेपणाला 30, सालीच्या निर्दोषपणाला 25, वाणाच्या लक्षणांना म्हणजे दोन्ही टोकांना किंचित चपटा गोल आकार आणि बेताची सैल साल यांना 15, रंगाला 10 आणि आतल्या गराला 20 अशी वाटणी करतो. आकारमानाला वेगळे गुण ठेवत नाही, आणि त्यावरून माझे सहकाऱ्यांशी वादही झाले आहेत. त्यांचे म्हणणे असे की बाजारात मोठ्या फळाला भाव आहे, मग इथे का नसावा? माझे उत्तर असे की मोठे फळ एखाद्या झाडावर एखादेच येते, सारखी पाच फळे मात्र नीट छाटलेल्या, वेळेवर ताण (फुलोऱ्यासाठी काही काळ पाणी तोडणे) आणि पाणी दिलेल्या बागेतच मिळतात.

एक उदाहरण देतो. एका ताटात चार फळे निर्दोष आणि सारखी होती, पण पाचवे त्यांच्याहून ठळक मोठे होते व त्याला देठाकडे मानही आलेली होती. शेजारच्या ताटातली पाचही फळे मध्यम, रंगाने थोडी फिकी, पण एका साच्यातून काढल्यासारखी. पहिल्या ताटाला सारखेपणात 14 आणि वाणाच्या लक्षणांत 10 गुण पडले, तर दुसऱ्याला तेच अनुक्रमे 27 आणि 13. साल आणि गर दोन्हींकडे तोडीस तोड होते. रंगात पहिल्या ताटाने 3 गुण अधिक घेतले, पण ते पुरेसे नव्हते. त्या मोठ्या फळाऐवजी साधे फळ ठेवले असते तर क्रम उलटला असता.

फळ शेवटी कापावे, आणि फक्त आघाडीच्या ताटांतले. कोणते फळ कापायचे हे परीक्षकाने ठरवावे. आडवा काप घेऊन फोडी भरलेल्या आहेत की देठाकडे कोरड्या पडल्या आहेत हे पाहावे, मग रसाचे दोन थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे रसाची गोडी मोजणाऱ्या उपकरणाच्या, काचेवर घ्यावेत. उपकरण आधी डिस्टिल्ड वॉटरने शून्यावर आणावे, आणि प्रत्येक फळानंतर काच धुऊन पुसावी, नाही तर आधीच्या गोड रसाचे श्रेय पुढच्या ताटाला मिळते. अंबियाच्या चांगल्या फळात ब्रिक्स, म्हणजे गोडीचा हा आकडा, दहाच्या आसपास येतो. तरीही केवळ आकड्यावर निकाल लावू नये: आंबटपणा या उपकरणात दिसत नाही, त्यामुळे फोड तोंडात टाकावी लागते आणि दोन फोडींच्या मध्ये पाण्याचा घोट घ्यावा लागतो.

पात्र ताट नसेल तर पहिला क्रमांक राखून ठेवण्याचा अधिकार परीक्षकाला असावा. शाळकरी मुलांच्या गटासाठी मात्र मला दुसरी पद्धत अधिक पसंत आहे. अमेरिकेतल्या काउंटी मेळ्यांत मुलांच्या गटात बऱ्याच ठिकाणी ‘डॅनिश पद्धत’ चालते. तिच्यात मुलांची एकमेकांशी तुलना न करता प्रत्येकाचे काम ठरलेल्या दर्जाशी ताडून निळी, लाल किंवा पांढरी फीत देतात, आणि दर्जा गाठला तर दहाही मुलांना निळी फीत मिळू शकते.

जनावरांच्या बाबतीत

जनावरांच्या वर्गात आरोग्य हा पहिला नियम असतो. कानातला बारा अंकी बिल्ला, लाळ-खुरकूत लसीकरणाची नोंद आणि पशुवैद्यकांचा दाखला यांशिवाय जनावर आवारात घेऊ नये. 2022 मध्ये लम्पी या जनावरांच्या त्वचारोगाच्या साथीमुळे राज्यात जनावरांचे बाजार आणि प्रदर्शने बंद ठेवावी लागली होती. वयाचा गट दातांवरून ठरतो, आदत (कायमचे दात न आलेला), दुसा (दोन दात), चौसा (चार दात) आणि जुळलेला (सर्व दात आलेला), आणि तो मालकाच्या सांगण्यावरून न ठरवता पशुवैद्यकांनी तोंड उघडून पाहून ठरवावा. गवळाऊ या विदर्भातल्या जातीचा बैल पांढरा ते करडा, अंगाने सडपातळ आणि चालीला चपळ असावा, त्यामुळे त्याचे परीक्षण खुंट्याला बांधून न करता चालवून करावे. नागपुरी म्हशीची लांब, चपटी, मागे खांद्यापर्यंत वळलेली शिंगे आधी पाहावीत. दुधाच्या स्पर्धेत आदल्या संध्याकाळी समितीसमोर कास पूर्ण रिकामी करून घ्यावी, नाही तर दुपारी मुद्दाम न पिळता राखलेले दूध सकाळच्या मापात येते.

हरकत घेणे

हरकत लेखी आणि ठरलेल्या वेळेत द्यावी लागते. ती नियमभंगावर घेता येते, परीक्षकाच्या मतावर नाही. ‘विजेत्या ताटात सहा फळे होती’ ही हरकत आहे, ‘माझा रंग जास्त चांगला होता’ ही नव्हे. तक्रार नसली तरी आपले गुणपत्रक मागून घ्यावे आणि कोणत्या रकान्यात गुण गेले ते बागेच्या वहीत उतरवून ठेवावे. ताट मात्र जाहीर केलेल्या वेळेआधी उचलू नये, कारण लोक निकालानंतरच ते पाहायला येतात, आणि आधी उचललेल्या ताटाचे बक्षीस रद्द करण्याची तरतूद अनेक नियमपत्रकांत असते.