महागडे स्पीकर निवडताना ट्वीटरची पारख कशी करावी

उंची स्पीकरची जोडी घ्यायला निघालेल्या माणसाला विक्रेता बहुधा ट्वीटरपासूनच, म्हणजे स्पीकरमधील उंच स्वर देणाऱ्या छोट्या भागापासूनच, सुरुवात करून देतो: हा हिऱ्याचा, तो बेरिलियमचा, पलीकडचा रिबनचा. ही माहिती खरी असते, परंतु केवळ तिच्यावरून निवड करू नये. ट्वीटर कशाचा बनला आहे यापेक्षा तो खालच्या मिडरेंजशी, म्हणजे मधले स्वर देणाऱ्या भागाशी, कसा जुळतो आणि आपला आवाज खोलीत कसा पसरवतो, यावर ऐकण्याचे सुख कितीतरी अधिक अवलंबून असते.

तरीही पदार्थाचा विचार आधी उरकून घ्यावा. डोम, म्हणजे ट्वीटरचा घुमटाकार पडदा, अखंडपणे पुढेमागे हलावा अशी अपेक्षा असते, पण एका मर्यादेपुढे तो स्वतःच वाकू लागतो आणि तेथे आवाजात टोकदार उंचवटा येतो. २५ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम डोमची ही मर्यादा साधारणपणे २५ ते ३० किलोहर्ट्झच्या (सेकंदाला २५ ते ३० हजार कंपनांच्या) आसपास असते. इंग्लंडच्या बॉवर्स अँड विल्किन्सने ७०० मालिकेतील कार्बन डोमसाठी ४७, तर ८०० मालिकेत २००५ पासून वापरात असलेल्या हिऱ्याच्या डोमसाठी सुमारे ७० किलोहर्ट्झ असा आकडा दिला आहे. बेरिलियमही असेच हलके आणि ताठ असते. यामाहाने १९७४ साली एनएस-१०००एममध्ये ते वापरले आणि फ्रान्सच्या फोकलने २००२ मध्ये युटोपिया मालिकेत आत वळलेल्या डोमसाठी. माणसाचा कान ऐन तारुण्यातही २० किलोहर्ट्झच्या फारसा पुढे जात नाही आणि पन्नाशीनंतर तर बहुतेकांची मजल त्याच्या बरीच अलीकडे थांबते. त्यामुळे तीस आणि सत्तर यांतील फरकासाठी काही लाख रुपये जास्त मोजण्याआधी तो फरक आपल्याला खरोखर ऐकू येतो का, हे पाहावे. मऊ डोम म्हणजे मागे पडलेले तंत्र, हा समजही सोडून द्यावा. डेन्मार्कच्या डायनॉडिओचे एसोटार ट्वीटर लेप दिलेल्या कापडाचेच असतात. कापड स्वतः कंप शोषून घेत असल्यामुळे धातूत येणारा तो टोकदार उंचवटा त्यात येत नाही.

रिबन ट्वीटरमध्ये डोमच नसतो. धातूची अतिशय पातळ पट्टी चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ताणलेली असते आणि वीज थेट तिच्यातून वाहते. ऑस्कर हाइल यांच्या एअर मोशन ट्रान्सफॉर्मरमध्ये पडद्याला पेटीच्या भात्यासारख्या घड्या असतात. त्या मिटल्या की पडद्याच्या हालचालीपेक्षा कित्येक पट वेगाने हवा बाहेर फेकली जाते. दोन्हींचा आवाज मोकळा आणि तपशीलवार वाटतो. मात्र पट्टी जितकी उंच, तितका तिचा आवाज वर-खाली कमी पसरतो. असा स्पीकर ऐकताना मुद्दाम उभे राहून पाहावे. उभे राहताच झांजेची धार बोथट झाली, तर सोफ्यावर बसून ऐकणाऱ्याला तो चालेल, पण घरात फिरता फिरता ऐकणाऱ्याला चालणार नाही.

आता खऱ्या कसोटीकडे वळू. १६५ मिलिमीटरचा वूफर आणि २५ मिलिमीटरचा ट्वीटर २.५ किलोहर्ट्झला जोडला आहे, म्हणजे त्याखालचे स्वर वूफर आणि वरचे ट्वीटर देतो, असे समजा. त्या ठिकाणी तरंगलांबी जेमतेम १४ सेंटिमीटर असते, म्हणजे वूफरच्या व्यासाहूनही कमी. त्यामुळे वूफरचा आवाज समोरच एकवटू लागलेला असतो, तर ट्वीटरचा आवाज अजून चारी बाजूंना पसरत असतो. समोर बसून सारे सरळ वाटते, पण बाजूच्या भिंतींवरून परत येणाऱ्या आवाजात याच पट्ट्यात उंचवटा निर्माण होतो आणि गायकाचे ‘स’ आणि ‘श’ टोचू लागतात. असा दोष पुष्कळदा ट्वीटरच्या धातूच्या माथी मारला जातो, हे मला अन्यायाचे वाटते. त्यावरचे उपाय ठाऊक आहेत: ट्वीटरभोवती उथळ कर्णा देणे, मधे छोटा मिडरेंज घालणे, किंवा केईएफने १९८८ पासून युनि-क्यूमध्ये केले त्याप्रमाणे ट्वीटर मिडरेंजच्या केंद्रातच बसवणे. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुढे आलेला, स्पिनोरामा नावाने ओळखला जाणारा आलेख मिळाला तर तो अवश्य पाहावा. त्यासाठी स्पीकरभोवती ७० कोनांतून मापे घेतली जातात. समोरची रेघ सपाट आणि बाजूची रेघ खड्डे किंवा उंचवटे न येता हळूहळू उतरणारी असेल, तर वूफर आणि ट्वीटर जुळले आहेत असे समजावे.

त्यानंतर ऐकावे, आणि शिस्तीने ऐकावे. दोन्ही जोड्या आलटून पालटून एकाच जागी ठेवाव्यात, ॲम्प्लिफायर तोच ठेवावा आणि पिंक नॉइज हा चाचणीचा एकसारखा खरखराट लावून बैठकीच्या जागी आवाजाची पातळी मोजून सारखी करावी. जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो, म्हणून ही पायरी गाळू नये. शक्य असल्यास मधे पातळ कापड लावून कोणता स्पीकर वाजतो आहे हे झाकावे, कारण हिऱ्याचे नाव डोळ्यांसमोर असताना कान निःपक्षपाती राहत नाही. ओळखीचेच ध्वनिमुद्रण न्यावे. तानपुऱ्याची जवारी यासाठी फार उपयोगी आहे: चांगल्या स्पीकरवर प्रत्येक तारेतून उमटणारी स्वरांची साखळी वरपर्यंत सलग चढते, तर जोड सदोष असेल तेथे तिचा वरचा भाग तानपुऱ्यापासून सुटून वेगळाच झणझणतो. अभंगातील टाळही ऐकावेत. आघात आणि त्यानंतरची विरत जाणारी कंपने ही एकाच धातूची वाटली पाहिजेत. आघाताच्या जागी नुसती ‘स्स’ अशी फुंकर ऐकू आली, तर त्या जोडीला नकार द्यावा.

शेवटचा निर्णय घरातच व्हावा. व्हिट्रिफाइड टाइल्स, उघड्या भिंती आणि काचेच्या सरकत्या खिडक्या असलेल्या दिवाणखान्यात उच्च स्वर फार परततात. शोरूममध्ये सतरंज्या आणि जाड पडद्यांमुळे ते कळत नाही. घरी आणल्यावर प्रथम ट्वीटर बसल्यावरच्या आपल्या कानाच्या उंचीवर आणावा, समोर गालिचा अंथरावा आणि स्पीकर सरळ भिंतीला समांतर ठेवून ऐकावेत. मग ते हळूहळू आपल्याकडे वळवावेत. बऱ्याच जोड्या थेट कानावर रोखण्यापेक्षा किंचित बाहेर वळवलेल्या असताना अधिक संतुलित वाजतात. लहान मुले असतील तर जाळी काढू नये. ॲल्युमिनियमचा डोम बोटाने दबला तर चेपलेलाच राहतो, आणि बेरिलियमचा डोम फुटलाच तर त्याची धूळ श्वासात जाणे घातक असल्यामुळे तुकड्यांना हात न लावता विक्रेत्याच्या सेवा केंद्राला बोलवावे.