नटबोल्ट स्वतः रेखाटत बसू नका
क्रॅक केलेलं (चोरून वापरायचं) कॅड, म्हणजे संगणकावर यंत्रांचे भाग रेखाटायचं सॉफ्टवेअर, कशाला? फ्रीकॅड उतरवून घ्या. पूर्ण फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. सुरुवातीला डोकं खातं, पण हळूहळू हात बसतो. नटबोल्ट मात्र स्वतः रेखाटू नका. टूल्स मेनूतल्या ॲडऑन मॅनेजरमधून ‘फास्टनर्स’ हे नटबोल्टचं ॲडऑन घ्या, आयएसओ 4762 (ॲलन बोल्टचं आंतरराष्ट्रीय मानक) निवडा, एम6 (6 मिलिमीटर जाडी) आणि लांबी 20 मिलिमीटर सांगा, की ॲलन बोल्ट तयार! बाकीचे भाग नेटवर शोधताना स्टेप फाइल (भागाचा नेमका घन आकार साठवणारी) मिळते का ते आधी बघा. दुसरी नेहमी मिळणारी एसटीएल फाइल म्हणजे नुसती त्रिकोणांची जाळी. माप मिलिमीटरमध्ये की इंचात, तेही ती सांगत नाही. थ्रीडी प्रिंटला चालते, पण भोक 2 मिलिमीटर सरकवायचं म्हटलं की रडवते. सपाट ड्रॉइंगच हवं असेल तर लिब्रेकॅड पुरे.