होळीच्या आत बांध मोकळे करा: सातपुड्याला लागून वावर असलेल्यांसाठी वणव्याचा सल्ला

राम राम मंडळी. गहू-हरभरा काढणीला आलाय, कपाशीच्या पऱ्हाट्या काही वावरांत अजून उभ्याच आहेत आणि वनविभागाच्या हिशोबानं 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा सीझन. अक्कलकुवा-धडगावपासून तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरपर्यंत ज्यांची वावरं डोंगराला टेकलेली आहेत, शिवाय साक्रीची पश्चिम पट्टी आणि चाळीसगावची गौताळा अभयारण्याकडची बाजू, या सगळ्यांनी हे वाचून घ्या आणि होळीच्या आत जमेल तेवढं करून टाका. एप्रिलमध्ये पारा 43-44 वर गेला आणि दुपारचा वारा सुटला की मग सांगून काही उपयोग नसतो.

आपल्याकडं वणवा आपोआप लागत नाही हे आधी मान्य करू. वीज पडून लागते ती क्वचित, तीही पावसाच्या तोंडावर. बाकी सगळी माणसाच्या हातची: बांध पेटवला, मोहाखालचा पाला जाळला, तेंदूला पान चांगलं फुटेल म्हणून काडी लावली, नवं गवत येईल म्हणून टेकडी पेटवली, बिडी न विझवता टाकली, नाहीतर लोंबकळणाऱ्या तारा एकमेकींना घासल्या. उलट्या बाजूनं बघितलं तर हीच चांगली बातमी आहे, कारण जे माणसाच्या हातचं आहे ते थांबवताही येतं.

आता सरकार काय करतं. डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण 2004 पासून उपग्रहावरून आगी टिपतंय, आताचा सेन्सर 375 मीटरच्या चौकोनात आग पकडतो आणि मेसेज थेट बीटगार्डच्या, म्हणजे आपल्या भागाच्या वनरक्षकाच्या मोबाईलवर जातो. आपणही त्यांच्या साइटवर नंबर नोंदवून आपल्या भागाचे अलर्ट घेऊ शकतो, गावातल्या पोरांनी एवढं तरी कराच. वनविभाग थंडीत जाळरेषा (आग अडवायला मोकळ्या केलेल्या पट्ट्या) काढतो, सीझनपुरते फायर वॉचर म्हणजे आगीवर नजर ठेवणारी माणसं लावतो, पाला उडवायचे ब्लोअर देतो. केंद्राची वणवा प्रतिबंधाची वेगळी योजना आहे, त्यात आपल्यासारख्या राज्याला 60:40 नं पैसा येतो, 2018 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडाही आला. हे सगळं कामाचं आहे पण एक फट राहतेच. उपग्रह दिवसातून ठरलेल्या वेळीच डोक्यावरून जातो आणि वाळलेल्या कुसळी गवताला लागलेली आग दोन तासांत अख्खी टेकडी खाते, मेसेज आला, बीटगार्ड मोटारसायकलवर निघाला, तोवर आग तुमच्या केळीत आलेली असते. त्या दोन तासांचं काम गावालाच करावं लागतं, आणि तेही आग लागायच्या आधी.

पोर्तुगालकडं बघा. 2017 मध्ये तिथं जूनमध्ये आणि परत ऑक्टोबरमध्ये अशा आगी लागल्या की शंभराच्या वर माणसं गेली. तोवर त्यांचा बहुतेक पैसा आग विझवण्यावर जायचा, विमानं, बंब, पाणी. नंतर त्यांनी वेगळी एजन्सी उभी केली आणि पैसा आगीच्या आधीच्या कामाकडं वळवला. घराभोवती 50 मीटर आणि वस्तीभोवती 100 मीटर झाडोरा कमी करायचा कायदा आधीपासून होता पण पाळत कुणी नव्हतं, त्याची सक्ती केली. गावागावात एक जबाबदार माणूस, बाहेर पडायची वाट आणि जमायची जागा ठरवली. मला यातलं गावाचं माणूस ठरवणं सगळ्यात पटतं. त्याला पैसा लागत नाही, एक ग्रामसभा लागते.

आपल्याकडंही उदाहरण आहेच की, साक्री तालुक्यातलं बारीपाडा. चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली ती कशासाठी, तर गावानं मिळून जंगल राखलं म्हणून. स्वतःचे नियम स्वतः केले, ते पाळले आणि उजाड डोंगर परत हिरवा केला. नंदुरबार-धुळ्यात ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळालेत त्यांच्या ग्रामसभेला तर जंगल राखायचा अधिकार 2006 च्या कायद्यानंच दिलाय, तो वापरा.

आता वावरातलं काम.

सगळ्यात आधी जंगलाकडचा बांध. तिथलं वाळलेलं गवत कापून चाऱ्याला घ्या, मग बांधाच्या आतून रोटाव्हेटरच्या दोन फेऱ्या मारा, म्हणजे निदान 3 मीटरची उघड्या मातीची पट्टी तयार होते. गवत कमरेएवढं असेल तर तिसरी फेरी मारा. पट्टी जाळून करू नका, माती उघडी पाडून करा. वावर उताराच्या वरच्या अंगाला असेल तर खालच्या बाजूची पट्टी दुप्पट ठेवा, कारण आग चढावर पळते, चढ 10 अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट होतो असा जगभरचा ठोकताळा आहे. पट्टीवर पडलेला पाला दर पंधरा दिवसांनी ओढून घ्या, मार्चमध्ये साग आणि सालईचा पाला एवढा पडतो की आठवड्यात पट्टी होती की नव्हती कळत नाही.

पऱ्हाट्या. गुलाबी बोंडअळीसाठी त्या वेळेत काढायला सांगतात ते बरोबरच आहे, पण काढून बांधावर ढीग घालून पेटवायच्या हे सोडा. श्रेडर (काड्यांचा भुगा करणारं यंत्र) मारून कुट्टी जमिनीत गाडा, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर यांत्रिकीकरणात श्रेडर-मल्चरला अनुदान असतं, एकट्याला परवडत नसेल तर गटानं घ्या. नाहीतर पांढऱ्या कोळशाच्या (काडीकचरा दाबून केलेल्या जळणाच्या) कारखान्यांना पऱ्हाटी लागतेच, जवळ असेल तर विचारून बघा. तुराट्यांचंही तेच. आणि गव्हाचं धसकट पेटवायचं तर डोक्यातूनच काढा, वाऱ्यावर उडालेली एक जळती काडी शेजारच्याच्या उभ्या गव्हात पडली तर तुमची जन्माची भाऊबंदकी झाली. हार्वेस्टर बोलावला असेल तर ड्रायव्हरला सायलेन्सरजवळचा भुसा अधूनमधून झटकायला सांगा आणि मशीन चालू असताना फवारणीचा पंप पाण्यानं भरून वावरात ठेवा.

रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी जरा जास्त लक्ष द्या. आपल्याला वाटतं केळी हिरवी असते, पाणी चालू असतं, तिला काय होतंय. पण खाली लोंबणारी वाळली पानं आणि कापून ओळीत टाकलेला पाला हा पेटतो, आणि तो पेटला की आधी ड्रिप जातं. मागल्या उन्हाळ्यात एका आबांचं वावर बघितलं, खांब उभेच होते पण ड्रिपच्या नळ्या (लॅटरल) वितळून मातीला चिकटलेल्या, ओढली की तुकडे हातात, आणि पाणी बंद पडल्यानं उरलेली केळी पुढच्या आठ दिवसांत उन्हानं बसली. आबा एवढंच म्हणाले, "बठ्ठं जयी गयं भाऊ." (सगळं जळून गेलं.) म्हणून जंगलाकडच्या पहिल्या चार-पाच ओळींतला वाळला पाला पूर्ण काढा, आतल्या ओळींत कुजवा. गुंडाळून ठेवलेल्या जुन्या नळ्या बांधावर ठेवू नका.

कडब्याची गंजी आणि कुट्टीचा ढीग घर-गोठ्यापासून लांब, आणि सगळा चारा एकाच गंजीत नको, दोन ठिकाणी विभागा. विजेच्या तारेखाली तर अजिबात नको. तार लोंबत असेल तर वायरमनला तोंडी सांगून थांबू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, पुढं नुकसान झालं तर तोच कागद उपयोगी पडतो.

पाण्याचं म्हणाल तर विहिरीच्या भरवशावर राहू नका. शेतीची लाईट पाळीनं येते आणि आग काही पाळी बघून लागत नाही. फवारणीच्या ट्रॅक्टर ब्लोअरची टाकी सीझनभर संध्याकाळी भरून ठेवा, पण आधी औषधाची नीट धुऊन, आणि ट्रॅक्टरला डिझेल असू द्या. बारदानं भिजवायला एक टाकी बांधाजवळ ठेवा.

मोह वेचणाऱ्या बहिणी-भावांना एक विनंती. फुलं दिसावीत म्हणून पाला जाळतो आपण, पण छत्तीसगड, मध्य प्रदेशात झाडाखाली नेट बांधून फुलं झेलतात, माती लागत नाही आणि स्वच्छ मालाला भाव बरा मिळतो. नेट नसेल तर जुन्या साड्या चालतात, निदान पाला झाडून बाजूला करा. तेंदूचंही झुडुपं छाटली की पान चांगलं फुटतं, त्यासाठी आग लावायची गरज नाही.

आग लागलीच तर पहिलं काम फोन, वनविभागाची हेल्पलाइन 1926 आणि आपत्कालीन 112. मग विझवायला एकट्यानं जायचं नाही. सुती कपडे, पायात बूट, डोक्याला ओला गमछा, टेरीकॉट-नायलॉन अंगाला चिकटतं. कडुनिंबाच्या नाहीतर पळसाच्या ओल्या फांदीनं कडेकडेनं मारत चला, फांदी उचलून आपटली की ठिणग्या उडतात, त्यापेक्षा जळालेल्या बाजूकडं दाबून ओढा. आगीच्या वरच्या अंगाला, नाल्यात किंवा घळीत कधीच उभं राहू नका. 2018 च्या मार्चमध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेली 20 हून जास्त माणसं वणव्यात गेली, उतारावर अडकली की पळायला जागाच राहत नाही. पळायचंच झालं तर आधीच जळून गेलेल्या काळ्या जमिनीकडं. कुडाच्या घरातली म्हातारी माणसं आणि लेकरं आधी काढा, गुरांचे दावे सोडून द्या, ती आपली वाट शोधतात.

कायद्याचंही सांगून ठेवतो. 1927 च्या वन कायद्यात राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहेच, पण कलम 26 मध्ये असंही आहे की मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणानं आग लागली तर त्या भागातले चराईचे आणि वनउपजाचे हक्क सरकार काही काळ बंद करू शकतं. म्हणजे एकानं काडी लावली आणि गावाची गुरं दावणीला. कलम 79 प्रमाणे जंगलातून चराई-लाकूडफाटा घेणाऱ्यांवर आगीची खबर देण्याची आणि विझवायला मदत करण्याची जबाबदारी पण आहे.

नुकसान झालं तर साफसफाईची घाई नको. आधी मोबाईलवर लोकेशनसकट फोटो, मग तलाठी आणि कृषी सहायकाला कळवून पंचनामा, जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यकाकडून पोस्टमॉर्टेम. आग तारेमुळं लागली असेल तर पोलिसात नोंद आणि महावितरणला लेखी, त्यात विद्युत निरीक्षकाचा अहवाल लागतो. पंचनाम्यात ड्रिप, मोटार, केबल वेगवेगळं लिहून घ्या, नुसतं "केळी जळाली" लिहून सही करू नका.