ओबद्या वाचताना: अदोमावरचा निकाल कसा समजून घ्यावा

आमोस आणि योना यांच्या मधे ओबद्या सापडतो. बायबलच्या जुन्या करारातलं हे सगळ्यात छोटं पुस्तक, एकच अध्याय, 21 वचनं. एका राष्ट्रावरचा, इथे अदोमावरचा, देवाचा न्याय समजून घ्यायला बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यातल्या अभ्यासगटाने इथूनच सुरुवात करावी. यशया-यिर्मयातली लांबलचक प्रकरणं नंतर.

आधी सगळं एका बैठकीत मोठ्याने वाचा. पाचेक मिनिटं लागतात. मग पेन्सिलीने तीन भाग पाडा: 1 ते 9 शिक्षा, 10 ते 14 आरोप, 15 ते 21 सर्व राष्ट्रांचा हिशेब आणि सियोन (यरुशलेमचा डोंगर). इथे निकाल आधी सुनावलाय आणि गुन्हा मागून सांगितलाय. त्यामुळे पहिल्या नऊ वचनांतच अडकलेला वाचक 'देव एवढा का चिडला?' असं विचारत बसतो. दुसऱ्यांदा वाचताना थेट 10 पासून सुरू करा.

खरा ऐवज 11 ते 14 मधे आहे. 'दिवस' हा शब्द येईल तिथे खूण करा. मूळ हिब्रूत तो या चार वचनांत 10 वेळा येतो. मग 12 ते 14 मधले आठ 'नको' मोजा. भावाच्या, म्हणजे इस्राएलच्या, पडत्या काळाकडे बघत राहणं, हसणं, फुशारकी मारणं. मग वेशीतून आत शिरणं, आत जाऊनही तमाशा बघणं, मालाला हात घालणं. शेवटी पळणाऱ्यांना फाट्यावर गाठून कापणं आणि उरलेल्यांना शत्रूच्या हवाली करणं. अपराध पायरीपायरीने चढतो, पण सुरुवात नुसतं बाजूला उभं राहण्यापासून होते. 11 वं वचन त्यालाच 'तूही त्यांच्यातलाच' म्हणतं.

अदोम म्हणजे एसावाचे वंशज, इस्राएल याकोबाचे. ही भाऊबंदकी उत्पत्ती 25 आणि 27 मधली. गणना 20 मधे अदोमाने इस्राएलची वाट अडवली. बहुतेक अभ्यासकांच्या मते ओबद्याचा रोख इ.स.पू. 586 च्या आसपास बाबेलने यरुशलेम पाडलं त्या प्रसंगाकडे आहे. स्तोत्र 137:7 सोबत वाचा. यिर्मया 49:7-22 मधे बरीच ओळीच्या ओळ जुळते. कुणी कुणाचं घेतलं यावर वाद घालू नका, त्यात तास जातो.

'खडकाच्या कपारीत राहणारा' हा टोमणा भूगोलातून आलाय. मृत समुद्राच्या दक्षिण-पूर्वेचा अदोमाचा डोंगराळ मुलूख (आजचा दक्षिण जॉर्डन) काही ठिकाणी 1,500 मीटरहून उंच आहे. 5 व्या वचनातली द्राक्षं इकडे समजावावी लागत नाहीत: अथणीकडच्या बागेत तोडणीनंतर वेलींखालून फिरा, पानांआड चुकलेला घड सापडतोच. अदोमात तेवढंही उरणार नाही.

पुढे काय झालं? इ.स.पू. सहाव्या शतकात बाबेलचा राजा नबोनिद तिथवर आला. त्याचं कोरीव शिल्प जॉर्डनमधल्या सेलाच्या कड्यावर आहे. इ.स.पू. 312 पर्यंत त्या मुलखात नबाती नावाचे अरब लोक दिसतात.

सगळ्यात मोठी चूक 19-20 वर होते. मुलखांची यादी दिसली की आपल्याकडे कुणीतरी सीमाप्रश्न काढतोच, आणि पलीकडच्या भाषेचा शेजारी अदोम ठरतो. तिथे गटप्रमुखाने दोन वचनं उघडायला लावावीत: ओबद्या 15, जिथे न्याय 'सर्व राष्ट्रांवर' येतो, म्हणजे वाचणाराही त्यात आला, आणि अनुवाद 23:7, जिथे अदोमी माणसाचा तिटकारा करू नको, तो तुझा भाऊ आहे, असं सांगितलंय.